ब्रँडी चॅस्टेन : एका पेनल्टीआड झाकलेली बचावपटू

कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील रोझ बोल स्टेडियमवर १० जुलै १९९९ रोजी महिलांच्या तिसऱ्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. अमेरिका आणि चीन यांच्यातील या सामन्याला ९०,१८५ प्रेक्षक उपस्थित होते. निर्धारित आणि जादा वेळेतही गोलफलक कोरा राहिल्याने निकाल पेनल्टी शूटआउटवर गेला. अमेरिकेची पाचवी किक ब्रँडी चॅस्टेनने घेतली. चेंडू जाळ्यात गेला, तिने अंगातील जर्सी काढून मुठीत धरली आणि ती गुडघ्यांवर बसली. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' साप्ताहिकासाठी रॉबर्ट बेक यांनी टिपलेले ते छायाचित्र जगभर छापले गेले. महिलांच्या क्रीडा इतिहासातील सर्वाधिक ओळखीच्या छायाचित्रांत त्याची गणना होते.

या छायाचित्रामुळे चॅस्टेनचे नाव घरोघरी पोहोचले. मात्र ती मैदानावर नेमके काय काम करीत असे, हे त्यामागे झाकले गेले. ती गोल करणारी आघाडीपटू असावी, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ती अमेरिकेच्या बचाव फळीतील खेळाडू होती. आघाडीपटू म्हणून तिची कारकीर्द जवळपास संपुष्टात आली होती. बचावात खेळण्याची तयारी दाखवल्यामुळेच तिला राष्ट्रीय संघाचे दार पुन्हा उघडले. एकूण १९२ आंतरराष्ट्रीय सामने, ३० गोल, १९९१ व १९९९ चे विश्वविजेतेपद, १९९६ व २००४ चे ऑलिम्पिक सुवर्णपदक आणि २००० चे रौप्यपदक, अशी तिच्या कारकिर्दीची नोंद आहे.

सॅन होजेतील जडणघडण

चॅस्टेनचा जन्म २१ जुलै १९६८ रोजी कॅलिफोर्निया राज्यातील सॅन होजे येथे झाला. अमेरिकेत फुटबॉलला 'सॉकर' म्हणतात आणि 'फुटबॉल' हे नाव तेथील वेगळ्याच खेळाला आहे. मुलींच्या दृष्टीने या सॉकरला महत्त्व आले ते १९७२ च्या 'टायटल नाइन' या तरतुदीमुळे. सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षण संस्थांना स्त्री-पुरुष असा भेद करण्यास या कायद्याने मनाई केली. त्यामुळे महाविद्यालयांना मुलींच्या संघांवरही खर्च करणे आणि त्यांना क्रीडा शिष्यवृत्ती देणे भाग पडले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७० च्या दशकाच्या प्रारंभी जन्मलेल्या मुलींची पिढी या बदलाची पहिली मोठी लाभार्थी ठरली. १९९९ च्या संघातील बहुतेक खेळाडू याच पिढीतील होत्या.

चॅस्टेनच्या आजोबांची एक गोष्ट तिने अनेकदा सांगितली आहे. लहानपणी गोल केल्यास ते तिला एक डॉलर देत आणि सहकाऱ्याला गोलसाठी पास दिल्यास दीड डॉलर. स्वतः गोल करण्यापेक्षा दुसऱ्याला संधी करून देणे अधिक मोलाचे, हा धडा तिला असा मिळाला. दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने चेंडू मारण्याचे कौशल्यही तिने आत्मसात केले होते. पुढे याच कौशल्यावर एका विश्वचषकाचा निर्णय झाला.

१९८६ मध्ये तिने बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश घेतला. पहिला हंगाम गाजवल्यावर मात्र गुडघ्याच्या गंभीर दुखापतींनी तिला घेरले. दोन शस्त्रक्रियांमुळे १९८७ आणि १९८८ हे महाविद्यालयीन हंगाम वाया गेले. त्यानंतर ती घराजवळच्या सांता क्लारा विद्यापीठात दाखल झाली आणि १९८९ व १९९० अशी दोन वर्षे या संघाने राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेची उपान्त्य फेरी गाठली. तेथील प्रशिक्षक जेरी स्मिथ यांच्याशी १९९६ मध्ये तिचा विवाह झाला.

पाच गोल आणि तरीही राखीव

अमेरिकेच्या महिला राष्ट्रीय संघाने पहिला सामना १९८५ मध्ये खेळला. चॅस्टेनने १९८८ मध्ये जपानविरुद्ध पदार्पण केले, तेव्हा हा संघ अवघा तीन वर्षांचा होता. ती आघाडीला खेळत असे. एप्रिल १९९१ मध्ये हैती येथे झालेल्या विश्वचषक पात्रता स्पर्धेत मेक्सिकोविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून तिने ओळीने पाच गोल केले. तो सामना अमेरिकेने १२-० असा जिंकला.

एवढी कामगिरी करूनही संघातील तिचे स्थान पक्के झाले नाही. प्रशिक्षक अँसन डॉरन्स यांच्याकडे मिशेल एकर्स, कॅरिन जेनिंग्ज आणि एप्रिल हाइनरिक्स अशी आघाडीची त्रयी होती. त्या वर्षी चीनमध्ये झालेल्या पहिल्या महिला विश्वचषकात या तिघींनी प्रतिस्पर्धी बचाव फळ्या खिळखिळ्या केल्या. ग्वांगझौ येथील अंतिम सामन्यात अमेरिकेने नॉर्वेचा २-१ असा पराभव केला. दोन्ही गोल एकर्सचे होते. चॅस्टेन विजेत्या संघात होती, पण तिचा बहुतेक काळ राखीव खेळाडूंच्या बाकावर गेला.

त्यानंतर तिचे नाव राष्ट्रीय संघाच्या यादीतून गळाले. १९९३ चा हंगाम ती जपानमध्ये 'शिरोकी सेरेना' या संघाकडून खेळली. १९९५ मध्ये स्वीडनमध्ये दुसरा विश्वचषक झाला, तेव्हा अमेरिकेच्या संघात तिला स्थान नव्हते. उपान्त्य फेरीत नॉर्वेने ०-१ असे नमवल्याने अमेरिकेला तिसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. चॅस्टेन तेव्हा २६ वर्षांची होती. दोन शस्त्रक्रिया झालेले गुडघे आणि संघाबाहेर काढलेली वर्षे पाहता तिची आंतरराष्ट्रीय कारकीर्द येथेच थांबली असती तर कोणाला नवल वाटले नसते.

जागा बदलली

१९९४ पासून संघाची सूत्रे टोनी डिचिको यांच्याकडे होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये महिला फुटबॉलचा प्रथमच समावेश होणार होता. डिचिको यांनी चॅस्टेनला संघात परत घेतले ते बचावपटू म्हणून. आयुष्यभर आघाडीला खेळलेल्या खेळाडूला २७ व्या वर्षी हा बदल सोपा नसतो. आघाडीपटूने दहा संधी दवडून अकराव्या संधीवर गोल केला तर सामन्यानंतर त्या गोलचीच चर्चा होते. बचावपटूने ८९ मिनिटे चोख खेळ करून एक चूक केली तर ती चूकच लक्षात राहते. उलट, प्रतिस्पर्ध्यांना गोल करू दिला नाही म्हणून बचावपटूच्या नावावर एकही आकडा जमा होत नाही.

चॅस्टेनच्या बाबतीत या बदलाचा एक लाभही होता. आघाडीपटू कोणत्या क्षणी धाव घेईल आणि पास कोठे मागेल, याचा अंदाज तिला स्वतःच्या अनुभवावरून येई. चेंडू हिसकावल्यावर तो नुसता दूर भिरकावण्याऐवजी ती दोन्ही पायांनी अचूक लांब पास देऊ शके. त्यामुळे संघाची चढाई मागच्या फळीपासूनच सुरू होई.

अटलांटा ऑलिम्पिकमधील पाच सामन्यांत अमेरिकेने फक्त तीन गोल स्वीकारले. उपान्त्य सामन्यात गुडघा दुखावल्यानंतरही चॅस्टेन खेळत राहिली आणि स्पर्धेतील प्रत्येक मिनिट मैदानावर राहिली. जॉर्जिया राज्यातील अथेन्स गावी झालेल्या अंतिम सामन्यात चीनला २-१ असे हरवून अमेरिकेने महिला फुटबॉलचे पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक पटकावले. या सामन्याला ७६,४८१ प्रेक्षक आले होते. महिलांच्या सामन्यासाठी मोठी स्टेडियम भरू शकतात, हे त्या दिवशी दिसून आले. १९९९ चा विश्वचषक मोठ्या मैदानांवर भरवण्याचे धाडस संयोजकांनी केले, त्यामागे हा अनुभव होता.

स्वयंगोल आणि त्याची भरपाई

१९९९ च्या विश्वचषकात जॉय फॉसेट, कर्णधार कार्ला ओव्हरबेक, केट सोब्रेरो आणि चॅस्टेन अशी अमेरिकेची बचाव फळी होती. सहा सामन्यांत या फळीने तीनच गोल होऊ दिले आणि त्यांपैकी एक खुद्द चॅस्टेनच्या पायाने झाला.

१ जुलै रोजी वॉशिंग्टनजवळील लँडोव्हर येथे जर्मनीविरुद्ध उपांत्यपूर्व सामना होता. अध्यक्ष बिल क्लिंटन प्रेक्षकांत होते. पाचव्याच मिनिटाला चॅस्टेनने गोलरक्षक ब्रियाना स्करीकडे चेंडू परत मारला. स्करी पुढे सरसावली होती, दोघींत समन्वय राहिला नाही आणि चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. घरच्या मैदानावरील स्पर्धा त्या एका चुकीने संपण्याची वेळ आली होती. ओव्हरबेकने लगेच तिच्याजवळ येऊन, सामना अजून बराच बाकी आहे आणि तो जिंकून देण्यात तुझाही वाटा असेल, असा धीर दिल्याचे चॅस्टेनने नंतर सांगितले.

टिफनी मिलब्रेटने बरोबरी साधली. पण मध्यंतराच्या तोंडावर बेट्टिना वीगमानने जर्मनीला पुन्हा आघाडीवर नेले. दुसऱ्या अर्धाच्या प्रारंभी, ४९ व्या मिनिटाला, कॉर्नर किकनंतर गोलक्षेत्रात आलेला चेंडू चॅस्टेनने जाळ्यात धाडला आणि २-२ अशी बरोबरी झाली. त्यानंतर फॉसेटच्या गोलमुळे अमेरिकेने सामना ३-२ असा जिंकला. पिछाडीवरून विजयाकडे नेणारे उत्तरार्धातील दोन्ही गोल बचावपटूंनी केले होते. पुढे ४ जुलै रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ब्राझीलला २-० असे नमवून संघाने अंतिम फेरी गाठली.

पाचवी किक

अंतिम सामन्यातील चीनचा संघ अमेरिकेच्या तोडीचा होता. कर्णधार सुन वेन त्या स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. निर्धारित वेळेच्या अखेरीस अमेरिकेला मोठा धक्का बसला. कॉर्नर किक परतवताना स्करीचा ठोसा एकर्सच्या डोक्याला लागला. उन्हाने आधीच थकलेल्या एकर्सला मैदान सोडावे लागले. जादा वेळेत चीनचा एक हेडर स्करीला चकवून गेला होता. गोलरेषेवर उभ्या असलेल्या क्रिस्टिन लिलीने डोक्याने तो परतवला. त्या वेळी 'गोल्डन गोल'चा नियम असल्याने तो चेंडू आत गेला असता तर सामना तेथेच संपला असता.

शूटआउटमध्ये चीनची तिसरी किक लिऊ यिंगने घेतली आणि स्करीने ती अडवली. चेंडू मारला जाण्यापूर्वीच स्करी गोलरेषा सोडून पुढे आली होती, यावरून नंतर वाद झाला. पंचांनी मात्र ती किक ग्राह्य धरली. अमेरिकेतर्फे ओव्हरबेक, फॉसेट, लिली आणि मिया हॅम यांनी गोल केले होते. आता चॅस्टेनने गोल केला की विजेतेपद निश्चित होते.

चॅस्टेनची निवड सरळ नव्हती. त्याच वर्षी मार्चमध्ये पोर्तुगालमधील अल्गार्व्ह चषकाच्या अंतिम सामन्यात चीनविरुद्धच तिची पेनल्टी गोलखांबाच्या आडव्या पट्टीवर आदळली होती आणि अमेरिकेने तो सामना गमावला होता. ती किक तिने उजव्या पायाने मारली होती. चीनची गोलरक्षक गाओ हाँग हिला चॅस्टेनची सवय ठाऊक झाली आहे, हे ओळखून डिचिको यांनी तिला डाव्या पायाने किक घेण्यास सांगितले. एवढ्या मोठ्या सामन्यात पाय बदलण्याचा सल्ला फार थोड्या खेळाडूंना देता येतो. चॅस्टेनने डाव्या पायाने चेंडू उंचावरून जाळ्याच्या बाजूला मारला. गाओ हाँगची झेप तेथवर पोहोचली नाही. अमेरिका ५-४ अशी विजयी झाली. या पाच किकपैकी तीन किक घेणाऱ्या खेळाडू, म्हणजे ओव्हरबेक, फॉसेट आणि चॅस्टेन, बचावपटू होत्या.

छायाचित्राचा वाद

जर्सी काढण्याची कृती पुरुषांच्या फुटबॉलमध्ये नवी नव्हती. मोठा गोल केल्यावर कित्येक खेळाडू तसे करीत. चॅस्टेनच्या कृतीवर मात्र दोन्ही बाजूंनी चर्चा झडली. काहींना ती अशोभनीय वाटली; काहींनी क्रीडासाहित्य बनवणाऱ्या नाइकी कंपनीच्या अंतर्वस्त्राची ती ठरवून केलेली जाहिरात असल्याचा आरोप केला. आपण काहीच ठरवले नव्हते, आनंदाच्या भरात ते घडले, असे चॅस्टेनने वारंवार स्पष्ट केले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाला तिने 'इट्स नॉट अबाउट द ब्रा' असे नाव दिले. त्याच वर्षापासून गोलनंतर जर्सी काढणाऱ्या खेळाडूला पिवळे कार्ड दाखवणे फुटबॉलच्या नियमांत बंधनकारक झाले. हा नियम स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे.

विजयाचा परिणाम छायाचित्रापुरता राहिला नाही. अमेरिकेत सुमारे चार कोटी लोकांनी हा सामना दूरचित्रवाणीवर पाहिल्याचे सांगितले जाते. मानधनाच्या प्रश्नावर खेळाडूंना आता बळ आले. जानेवारी २००० मध्ये विश्वविजेत्या खेळाडूंनी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाण्यास नकार दिला. त्यानंतर महासंघाने त्यांच्याशी नवा करार केला. समान वेतनाच्या या लढ्याची अखेर २०२२ मध्ये झाली. त्या वर्षी खेळाडूंच्या दाव्यात २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड झाली आणि पुरुष व महिला संघांसाठी समान करार झाले. तेव्हा महासंघाच्या अध्यक्षपदी सिंडी पार्लो कोन होत्या. त्याही १९९९ च्या विश्वविजेत्या संघातील खेळाडू.

उत्तरार्ध

सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात नॉर्वेने गोल्डन गोलवर ३-२ असा विजय मिळवल्याने २००० मध्ये अमेरिकेला रौप्यपदक मिळाले. २००१ मध्ये अमेरिकेत महिलांची व्यावसायिक साखळी सुरू झाली. सॅन होजेत खेळणाऱ्या चॅस्टेनच्या सायबररेज संघाने पहिल्याच हंगामाचे विजेतेपद पेनल्टी शूटआउटवर पटकावले. मात्र आर्थिक तोट्यामुळे १५ सप्टेंबर २००३ रोजी ही साखळी गुंडाळण्यात आली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत विश्वचषक सुरू झाला आणि स्वीडनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात चॅस्टेनच्या पायाचे हाड मोडले. उर्वरित स्पर्धा तिला बाहेरून पाहावी लागली.

पस्तिशी ओलांडल्यावरही तिने पुनरागमन केले. २००४ च्या ग्रीसमधील अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ब्राझीलला जादा वेळेत २-१ असे हरवून अमेरिकेने सुवर्णपदक मिळवले. मिया हॅम, ज्युली फाउडी आणि जॉय फॉसेट यांनी त्या वर्षअखेर निवृत्ती घेतली. चॅस्टेनची खेळत राहण्याची इच्छा होती. परंतु २००५ मध्ये नवे प्रशिक्षक ग्रेग रायन यांच्या योजनेत तिला जागा नव्हती. २००४ नंतर ती राष्ट्रीय संघातून खेळली नाही. २००९ मध्ये नव्या व्यावसायिक साखळीत 'एफसी गोल्ड प्राइड'कडून ती वयाच्या चाळिशीत पुन्हा मैदानात उतरली.

डोक्याचा प्रश्न

बचावपटूच्या कामात चेंडू डोक्याने परतवणे हा नित्याचा भाग असतो. उंचावरून येणारे कॉर्नर, गोलकिक आणि लांब पास त्यालाच अडवावे लागतात. शिवाय एकेका सामन्यामागे सरावात मारलेल्या हेडरची संख्या कितीतरी अधिक असते. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांचा संबंध मेंदूच्या 'सीटीई' नावाच्या झिजेच्या आजाराशी जोडला जातो. स्मृतिभ्रंश, वागणुकीतील बदल अशी लक्षणे त्यात दिसू शकतात. या आजाराचे निश्चित निदान मृत्यूनंतर मेंदूची तपासणी केल्यावरच होते. त्यामुळे संशोधकांना मेंदूदानाची गरज असते. तोवर अभ्यासल्या गेलेल्या मेंदूंत पुरुषांचे, विशेषतः अमेरिकन फुटबॉल खेळलेल्यांचे, प्रमाण मोठे होते. स्त्रियांविषयीची माहिती तुटपुंजी होती.

मार्च २०१६ मध्ये चॅस्टेनने आपला मेंदू मृत्यूनंतर बोस्टन विद्यापीठातील संशोधनासाठी देण्याचे जाहीर केले. त्याआधी २०१४ मध्ये सिंडी पार्लो कोन आणि जॉय फॉसेट यांच्यासह तिने चौदा वर्षांखालील मुलांनी हेडर मारू नये, या मोहिमेला पाठिंबा दिला होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकी महासंघाने दहा वर्षे व त्याखालील मुलांना हेडर मारण्यास मनाई केली. ११ ते १३ वयोगटासाठी सरावातील हेडरवर मर्यादा घातली. ज्या कौशल्यावर बचावपटूची उपजीविका चालते, त्याबाबतच सावधगिरी बाळगण्याचे आवाहन या तीन माजी विश्वविजेत्यांनी केले होते. त्यामुळे त्याला विशेष वजन आले.

पुतळा आणि नवा संघ

निवृत्तीनंतर चॅस्टेनने सांता क्लारा विद्यापीठात पतीसह प्रशिक्षणाचे काम केले. २००५ मध्ये ज्युली फाउडी आणि मार्लीन ब्यॉर्न्सरुड यांच्यासमवेत तिने सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील मुलींना खेळाकडे वळवणारी 'बॉसी' ही संस्था स्थापन केली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉकर हॉल ऑफ फेमसाठी तिची निवड झाली. २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तिच्या सन्मानार्थ बसवलेल्या धातूच्या फलकावरील चेहरा तिच्याशी मुळीच मिळताजुळता नसल्याने त्याची चेष्टा झाली. तिने ती खिलाडूपणे घेतली आणि फलक नव्याने घडवण्यात आला. १० जुलै २०१९ रोजी, विजयाला वीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, रोझ बोलच्या बाहेर गुडघ्यांवर बसलेल्या चॅस्टेनच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

२०२३ मध्ये चॅस्टेन, ॲली वॅग्नर, लेस्ली ऑस्बोर्न आणि डॅनियल स्लेटन या चार माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या पुढाकाराने 'बे एफसी' हा नवा व्यावसायिक महिला संघ स्थापन झाला. राष्ट्रीय महिला साखळीत प्रवेशासाठी गुंतवणूकदारांनी ५ कोटी ३० लाख डॉलर शुल्क भरले. वीस वर्षांपूर्वी पैशाअभावी साखळी बंद पडून चॅस्टेनचा सायबररेज संघ संपला होता, तेथेच हा संघ उभा राहिला. मार्च २०२४ मध्ये त्याने पहिला सामना खेळला आणि सॅन होजे येथील मैदान हे त्याचे घरचे मैदान ठरले.